आखूड बांधलेली होडी

नवी पेठेत कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये दोरखंडाचं एक लहानसं दुकान आहे. गेल्या महिन्यात गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी हवी होती म्हणून मी तिथं गेले. आत काथ्याचा, सुतळीचा आणि नव्या नायलॉनचा मिळून एक कोंदट वास होता. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हणाले, होडीला.

माझं मलाच नवल वाटलं. दुकानदार हसला आणि म्हणाला, सोलापुरात होडी कुटं बांधताय मॅडम, कंबर तलावात? मीही हसले. कपड्यांसाठी हवी आहे असं सांगितलं, पंधरा मीटर निळी दोरी घेतली आणि रिक्षात बसले. रिक्षा गर्दीत अडकली. खाली पाहिलं, तर माझ्या हातांनी रिक्षाच्या दांडीला त्या दोरीचे तीन वेढे घालून टोक आत खोचलेलं होतं. हात आपापलं काम करून मोकळे झाले होते.

होडी बांधून मला तीस वर्षांहून जास्त काळ झाला. शेवटची बांधली ती चुकीची बांधली. एवढं एका माणसाला सांगायचं होतं, आणि तेवढंच माझ्याच्यानं झालं नव्हतं.

मी मुळात पाण्याकडची नाही. आमचं गाव सांगोल्याच्या वरच्या अंगाला, माळावर. तिथं पाणी म्हणजे रांजणातलं, फार तर विहिरीच्या तळाचं. घरी शेळ्या-मेंढ्या. दावं बांधायला मी चालायला लागले तेव्हाच शिकले असेन. शेळी नेहमी आखूड बांधायची, असं आई सांगायची. लांब दाव्यावर सोडली तर ती खुंट्याभोवती फिरत राहते, पायात दावं गुंतवून घेते आणि सकाळी मान वाकडी करून पडलेली सापडते. आणि गाठ मारायची ती निरगाठ. साधी गाठ ती दातांनी सोडवते आणि दुसऱ्याच्या ज्वारीत जाऊन उभी राहते. आखूड आणि घट्ट. आमच्या माळावर माया करायची ती अशीच, दावं आखूड करून.

गावात शाळा सातवीपर्यंत होती. पुढं शिकवायचं कुणाच्या मनात नव्हतं, फक्त आईच्या मनात होतं. तिनं मला तिच्या भावाकडं नेऊन सोडलं. मामाचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. भिंतीमागं तुंबलेलं पाणी मैलोनमैल पसरलेलं, आणि हायस्कूल त्या पाण्याच्या पलीकडच्या गावात. रस्त्यानं वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस जायचा. मामाच्या होडीनं गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. मामा पहाटे मासे धरायचे, मग तीच पत्र्याची होडी धुऊन तिच्यातून आम्हा नऊ पोरांना पलीकडं सोडायचे, आणि संध्याकाळी आणायचे. मुलांच्या आयांनी दिली तर शेर-दोन शेर ज्वारी घ्यायचे, नाही दिली तर विचारायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी होडीच्या तळाशी डोळे मिटून बसले होते. मामी काठावरून ओरडून म्हणाली, माळावरचं मेंढरू हाय, धुतलं न्हाय कवा, म्हणून भितंय. सगळी पोरं हसली. मामीची जीभ अशीच होती. पण मी आठवडाभर चिलापी माशाच्या कालवणाला हात लावला नाही, तेव्हा तिनंच रोज माझ्यापुरतं वेगळं पिठलं केलं. आठव्या दिवशी तिनं काटे काढलेला एक तुकडा भाकरीखाली लपवून ठेवला, आणि मी तो खाल्ला. त्यानंतर माझ्या केसांना, दप्तराला, वह्यांना माशांचा वास लागला तो लागलाच. शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. मामी दर रविवारी शिकेकाईनं माझे केस खसाखसा धुवायची आणि म्हणायची, वास जाईल गं, शिक्षण ऱ्हाईल.

फुगवट्याचा काठ एका जागी नसतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं. उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटायचं आणि काठ रोज थोडाथोडा दूर जायचा. मे महिन्यात घरापासून पाणी इतकं लांब जायचं की माणूस ठिपक्यासारखा दिसायचा. म्हणून मामांनी वरच्या अंगाच्या बाभळीला मनगटाएवढा जाड दोर बांधला होता. तो उतारावरून खाली पाण्यात गेलेला, टोकाला दगड. पाणी कुठंही असो, दोर तिथं पोचलेला असायचा. होडीच्या नाकावर एक लोखंडी कडी होती आणि कडीला बारीक दोरी. ही बारीक दोरी त्या मोठ्या दोराला कुठं बांधायची, किती लांब ठेवायची, आणि गाठ कोणती मारायची, हे रोज ठरवावं लागायचं.

संध्याकाळी होडी काठाला लागली की मामा दोरी हातात धरून उभे राहायचे आणि आम्हाला विचारायचे, बोला, आज कोंची? आम्ही पाण्यात रोवलेल्या काठीवरची ओल बघून पाणी चढतंय की उतरतंय ते ओळखायचं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि एकेकानं सांगायचं. ज्याचं बरोबर येईल त्याला दुसऱ्या दिवशी होडीच्या नाकावर बसायला मिळायचं. चुकलेल्यानं तळातलं पाणी उपसायचं. मामांना लिहिता येत नव्हतं, पण मला पुढं भेटलेल्या कितीतरी मास्तरांपेक्षा त्यांची परीक्षा चांगली होती. उत्तर कुणाचं चुकलं तर ते का चुकलं हे ते दोरी बांधून दाखवायचे.

उन्हाळ्यात पाणी पळायचं, तेव्हा होडी आखूड बांधलेली चालायची. मोठ्या दोराला तीन वेढे आणि वर एक उलटा वेढा. ओढ बसली की ही गाठ घट्ट चावायची, पण हातानं ढकलली की दोरावर खाली सरकायची. पाण्याच्या मागं मागं रोज ती सरकवत न्यायची. तिला मामांकडं नाव नव्हतं. मी तिला गोचीड म्हणाले. मामा खूप हसले आणि मग त्या काठावरचे सगळेच तिला गोचीड म्हणायला लागले. त्या दिवसांत चिखल वाळून त्याच्या खपल्या निघायच्या. कधीकाळी बुडालेल्या विहिरींची तोंडं वर यायची, कुणाच्या तरी घराचं जोतं यायचं, जात्याची एखादी तळी यायची. उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या आणि कलिंगडं लावायचे. शाळेतून येताना आम्ही ओल्या गाळाच्या वासात कोवळी काकडी खात त्या घरांच्या जोत्यांवरून चालायचो. हे कुणाचं घर होतं असं कुणी विचारायचं नाही. विचारलं तर मामा म्हणायचे, आपल्यावानीच कुणाचं तरी.

थंडीत पाणी स्थिर असायचं. तेव्हा साधी सुरगाठ, एक टोक ओढलं की मोकळी. पहाटे दोरीवर दव असायचं, बोटं वळायची नाहीत, म्हणून सोडायला सोपी तीच बरी. पाण्यावर धुकं, त्यात लांब पायांचे पांढरे-गुलाबी पक्षी, आणि वल्ह्याचा आवाज. थंडीत मी होडीत बसून पाठांतर करायचे. मामा वल्हं मारता मारता कान देऊन ऐकायचे. एकदा माझी इतिहासाची ओळ चुकली आणि मामांनी ती बरोबर सांगितली. रोज ऐकून त्यांची पाठ झाली होती.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. आमच्याकडं पाऊस पडायचाच असं नाही. लख्ख ऊन असायचं, आभाळ निळं असायचं, आणि पाणी चढत असायचं. पाऊस तिकडं पुण्याच्या वरच्या घाटात पडलेला. पाण्याचा रंग आधी बदलायचा. मग काटक्या, फेस, गवताचे पुंजके यायचे, आणि बघता बघता काठ वर यायचा. तेव्हा होडी लांब बांधायची. मोठ्या दोराला नाही, थेट वरच्या बाभळीला, आणि दोरी भरपूर सैल सोडायची. पाणी वर आलं की होडीला वर येता आलं पाहिजे. आखूड बांधलेली होडी वर येऊ शकत नाही. दोरी तिचं नाक खाली धरून ठेवते आणि पाणी तिच्यात शिरतं.

पहिल्या पावसाळ्यात मी माझ्या माळावरच्या सवयीनं होडी आखूड केली आणि निरगाठ मारली. मामांनी ती हसत हसत सोडवली. तेव्हा ते जे म्हणाले ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं.

"ही शेळी न्हाय, बाय. हिला लांडगा न्हेत न्हाय, पाणी न्हेतं. आन् पाण्यासंगं वर-खाली व्हायला मोकळी ठिवली, की त्ये बी काय करत न्हाय. निरगाठ तर हितं मारायचीच न्हाय. वली झाली की ती बापाचं बी ऐकत न्हाय."

त्यानंतर चार वर्षं माझं उत्तर क्वचितच चुकलं. होडीच्या नाकावर मीच बसलेली असायचे. पोरं वैतागायची. मामा त्यांना म्हणायचे, मग शिका की तिच्यावानी.

मी बारावीत होते. ऑगस्टचे दिवस होते. मामीच्या माहेरी वेळापूरला कुणीतरी वारलं म्हणून निरोप आला आणि मामा, मामी, त्यांचा लहानगा सुधीर घाईनं निघाले. जाताना मामांनी होडी बाभळीला लांब बांधली. मी समोरच उभी होते. माझ्याकडं बघून ते एवढंच म्हणाले की होडीकडं लक्ष ठेव, उद्या दुपारपर्यंत येतो.

दुपारनंतर वारा सुटला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. लांब दोरीवर होडी इकडून तिकडं झोके घ्यायला लागली आणि काठाच्या दगडांवर तिचा पत्रा वाजायला लागला. तो आवाज मला घरात ऐकू येत होता. मी तीनदा जाऊन बघून आले. चौथ्यांदा गेले तेव्हा वाटलं की ही आता सुटणार, आणि मामा उद्या आले की त्यांना काय दाखवू. माझ्यावर सोपवली होती. मी गुडघाभर पाण्यात उतरले, मामांची गाठ सोडली, होडी दगडांपासून लांब ओढून नेली आणि पाण्यात जिथं मोठा दोर उतरतो तिथं त्याला दोन हात दोरीवर बांधून टाकली. गाठ कोणती मारली हे मी ठरवलं नाही. एकावर एक दोन निरगाठी बसल्या होत्या. होडी गप्प उभी राहिली. दगडांवरचा आवाज थांबला. मला फार बरं वाटलं. मी घरी येऊन भाकरी केली आणि अभ्यासाला बसले.

सकाळी काठ वर आलेला होता आणि होडी दिसत नव्हती. मोठा दोर बाभळीपासून ताणलेला, सरळ खाली पाण्यात गेलेला. ऊन पडलं होतं.

मामा दुपारी आले. शेजारची चार माणसं मदतीला आली. सगळ्यांनी मिळून मोठा दोर ओढला. खाली काहीतरी जड हललं, पुन्हा ओढला, आणि एकाएकी दोर हलका झाला. सगळे मागं पडले. होडीच्या नाकाची कडीच पत्र्यासकट फाटून आली होती. होडी तळाकडं उताराला लागली ती पुन्हा कुणाला सापडली नाही. मामांनी दोर हातात ओढून घेतला. त्याच्यावर माझ्या दोन गाठी तशाच होत्या, आणि पुढं लोंबणारी कडी. मामांनी अंगठ्यानं त्या गाठी चाचपल्या. माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यांतला एक जण म्हणाला, पावसाळ्यात आखूड कोन बांधतं रं? मामा म्हणाले, "म्याच बांधली व्हती. जायच्या घाईत."

मी तिथंच उभी होते. दोन पावलांवर. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. माणसं चहा प्यायली, हळहळली, उन्हं कलली. मी बोलले नाही.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यातलं फार थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. पोरं दुसऱ्याच्या होडीतून शाळेला जायला लागली. मीही त्यातूनच जायचे. त्या होडीवाल्याला मामांनीच हाताला धरून वल्हं शिकवलं होतं. तो आम्हा पोरांसमोर म्हणायचा, जपून बसा, म्या काय होडी आखूड बांधत न्हाय. सगळे हसायचे. मामांना बाजारात, लग्नात, चावडीवर हेच ऐकावं लागलं. पुढच्या वर्षी मी सोलापूरला कॉलेजात आले. माझी ट्रंक मामांनी डोक्यावरून एसटीपर्यंत आणली. मी घरातली पहिली पदवीधर झाले, पुढं शाळेत शिकवायला लागले. मामांनी गावात पेढे वाटले. नंतर मामी गेली. सुधीरला सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत काम लागलं आणि तो मामांना आपल्या खोलीवर घेऊन आला. आता मामा जिथं राहतात तिथं पाणी टँकरनं येतं.

मी सणावाराला जात असे. फळं न्यायचे, औषधं न्यायचे, सुधीरच्या मुलीचा अभ्यास घ्यायचे. दर वेळी ठरवून जायचे आणि दर वेळी न सांगता यायचे. मामा ऐंशीच्या घरात आले. कालचं जेवण त्यांना आठवत नाही, पण जुनं सगळं लख्ख आठवतं.

दोरी घेतली त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, मी चिंचोळीला गेले. सुधीर कामावर होता. सून दारात तांदूळ निवडत होती. मामांना ती दादा म्हणते. ती हळू आवाजात म्हणाली की दादांचं हल्ली एकच चाललंय. टँकरवाला येवो, शेजारी येवो, त्याला बसवून घेतात आणि विचारतात की पावसाळ्यात म्या होडी आखूड कशी बांधली. लोकांना काही कळत नाही. ते हो हो करून निघून जातात. मग दादा जेवत नाहीत.

मी आत गेले. मामा खाटेवर बसले होते. मास्तरीण आली म्हणून त्यांना आनंद झाला. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. वारा कसा सुटला ते सांगितलं. दगडांवरचा आवाज सांगितला. मामा, तुमची गाठ बरोबर होती, ती मी सोडली, होडी मी आखूड केली, निरगाठी माझ्या होत्या, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात तेव्हा मी गप्प उभी राहिले. इतक्या वर्षांचं सगळं पाच मिनिटांत संपलं.

मामांनी नीट ऐकून घेतलं. मग ते हसले.

"गप. तू कशाला तशी बांधचील? नवू पोरांत एकटीची तुजी गाठ बरुबर यायची. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस व्हय?"

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवत राहिले. ते माझ्यासाठी एकदा खोटं बोलले होते. मग लोकांनी तेच त्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता त्यांच्याजवळ दुसरं खरं उरलंच नव्हतं. आणि मी अशी चूक करू शकते हे तर त्यांच्या मनाला शिवतही नव्हतं.

कोपऱ्यात पोत्याची सुतळी पडली होती. मी ती घेतली, खाटेच्या पायाला आखूड धरली आणि माळावरची निरगाठ मारली. एकावर एक, दोन. म्हटलं, बघा मामा, ही गाठ कुणाची? ते वाकले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी अंगठ्यानं गाठी चाचपल्या, एकदा, दोनदा. चेहरा उतरला.

"हां," ते म्हणाले. "हीच. अशीच मारली व्हती म्या."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी काठावर पाहिलं नव्हतं, तसं सरळ पाहिलं.

"तू शिकलेली हाईस. तूच सांग आता. जल्मभर होडी बांधली, आन् त्याच दिशी म्या अशी कशी गं मारली आसंल?"

दारात सून तांदूळ निवडायची थांबली होती. मामा उत्तराची वाट बघत होते, आम्ही पोरं बघायचो तशी. याचं एकच खरं उत्तर होतं आणि ते मी दोनदा देऊन बसले होते. मी त्यांचा हात हातात घेतला.

"वारा लई सुटला व्हता, मामा," मी म्हणाले. "होडी दगडावर आपटत व्हती. सुटून जाईल म्हणून भ्या वाटलं आसंल. जीव व्हता की तिच्यावर."

वाऱ्याला भ्यालेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"व्हय," ते म्हणाले. "भ्यालोच आसंन म्या." आणि सुनेला हाक मारून त्यांनी जेवायला वाढ म्हणून सांगितलं.